पिल्लांना औषध नंतर, आधी मक्याचं पोतं उघडा

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. संगमनेर तालुक्यातल्या एका शेडवरून निरोप आला म्हणून सकाळीच गेलो. दोन हजार ब्रॉयलर पिल्लं, वय बारा दिवस. मालक दारातच म्हणाला, "डॉक्टर, मर फार नाही. रोज सात-आठ जातात. पण लॉट वाढतच नाही. निम्मी पिल्लं अजून आठवड्याची वाटतात." खिडकीच्या कट्ट्यावर पाच बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. लिव्हर टॉनिक, दोन प्रतिजैविकं, जीवनसत्त्वं, पाण्यात टाकायचं जंतुनाशक. सगळं देऊन झालं होतं.

सकाळी मेलेलं एक पिल्लू रिकाम्या पोत्यावर घेऊन उघडलं. यकृत लालसर तपकिरी आणि चकचकीत दिसायला हवं. इथं ते हळद कमी पडलेल्या पिठल्यासारखं फिकट पिवळं होतं आणि बोटानं दाबलं की तुटत होतं. मूत्रपिंडं फुगलेली. गुदद्वाराच्या वरच्या बाजूला असणारी बर्साची पिशवी या वयात वाटाण्याएवढी असते, ती मुगाएवढी झाली होती. मी म्हटलं, "मका कुठं ठेवता ते दाखवा."

मका शेडमागच्या खोलीत, भिंतीला टेकवून, फरशीवरच रचलेला. खालच्या थरातलं एक पोतं सोडलं आणि हात कोपरापर्यंत आत घातला. आत कोमट लागलं. मुठीत आलेले दाणे सुटे नव्हते, चार-पाच एकमेकांना चिकटलेले होते, आणि हात बाहेर काढल्यावर तळहाताला कुबट वास राहिला. पोत्यातला मका आतून गरम लागला की समजायचं, दाणा ओला आहे आणि त्यात बुरशी वाढते आहे. कट्ट्यावरच्या पाचही बाटल्यांत याचा उतारा नव्हता.

पिल्लू मलूल दिसलं की आपण आजार शोधायला लागतो, मग औषध, मग दुसरं औषध. खाद्यावर संशय येतो तो सगळ्यात शेवटी, कारण खाद्य आपण स्वतः दळलेलं असतं किंवा विश्वासानं विकत घेतलेलं असतं. हा क्रम उलटा करा, एवढ्यासाठीच हा लेख आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पिल्लं यायच्या दोन-तीन आठवडे आधी, मका खरेदी करतानाच लॉट कसा जाईल याचा निर्णय झालेला असतो. पिल्लाच्या अंगावर खूण दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

बुरशी स्वतः जे विष तयार करून दाण्यात सोडते त्याला मायकोटॉक्सिन म्हणतात. बुरशी मेली, झटकली, वाळली तरी ते विष दाण्यात तसंच राहतं. म्हणूनच उन्हात टाकलेला, वरून स्वच्छ दिसणारा मकाही विषारी असू शकतो. भाजल्यानं किंवा पेलेट करताना मिळणाऱ्या उष्णतेनं बुरशी मरते. या विषांपैकी अफ्लाटॉक्सिन मात्र दोन-अडीचशे अंश तापमानालाही टिकून राहतं. "भाजून घातलं की झालं" हा समज मी कितीतरी शेडवर ऐकला आहे आणि तो लॉट बुडवणारा समज आहे.

हे विष जगाला कळलं तेही पिल्लांमुळेच. १९६० मध्ये इंग्लंडात टर्कीची लाखावर पिल्लं काही महिन्यांत मेली. रोगजंतू सापडेना. शेवटी माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा. त्या पेंडीतल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीवरून विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव पडलं. आपल्याकडे १९६६ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात अशाच शेंगदाणा पेंडीनं कोंबडीची दोन हजारांवर पिल्लं दगावल्याची नोंद आहे. १९७४ च्या हंगामात राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं यकृताच्या आजारानं गेली. माणसाच्या यकृताचं हे होत असेल, तर चाळीस ग्रॅमच्या पिल्लाचं काय होईल?

आपल्या जिल्ह्यात धोका कधी येतो, हे पावसाचं वेळापत्रकच सांगतं. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासा या पट्ट्यात खरिपाचा मका काढणीला येतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि परतीचा पाऊसही नेमका त्याच सुमारास रेंगाळतो. २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवा. कणसं शेतातच भिजली होती, खळ्यावरच्या ढिगांना कोंब फुटले होते. २०२५ च्या सप्टेंबरअखेर सीनेला पूर आला, तेव्हाही उभं पीक पाण्यात राहिलं. अशा वर्षी भिजलेला मका कुठं तरी जातोच, आणि कमी भावात विकला गेलेला बराचसा कोंबड्यांच्या खाद्यात येतो. या बुरशीला पंचवीस ते पस्तीस अंश तापमान आणि दमट हवा मानवते. आपला ऑक्टोबर तिला हवा तसाच असतो.

आता लहान पिल्लांनाच एवढा फटका का? हिशेब साधा आहे. सात दिवसांचं, पावणेदोनशे ग्रॅमचं पिल्लू दिवसाला साधारण पस्तीस ग्रॅम खातं, म्हणजे आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा. दोन किलोचा पक्षी खातो पावणेदोनशे-एकशेऐंशी ग्रॅम, म्हणजे वजनाच्या अकराव्या-बाराव्या हिश्श्याएवढं. खाद्य तेच असलं तरी पिल्लाच्या अंगात किलोमागे विष दुपटीनं जातं. त्यात त्याचं यकृत अजून घडत असतं. अफ्लाटॉक्सिन यकृतात गेल्यावर तिथली यंत्रणा त्याचं आणखी जहाल रूप करते, ते पेशींना चिकटतं आणि प्रथिनं बनवण्याचं काम मंदावतं. प्रथिन बनलं नाही की मांस वाढत नाही, रक्त नीट गोठत नाही, आणि रोगाशी लढणारी द्रव्यंही तयार होत नाहीत.

शेवटचा मुद्दा आपले कोंबडीपालक सर्वांत कमी लक्षात घेतात. बर्सा आणि थायमस हे पिल्लाच्या प्रतिकारशक्तीचे कारखाने आहेत आणि पहिल्या तीन-चार आठवड्यांत ते उभे राहतात. मानमोडीची लासोटा लस आपण पाचव्या ते सातव्या दिवशी देतो, गंबोरोची बाराव्या ते सोळाव्या दिवसाच्या आसपास. बर्साच सुकलेली असेल तर लस डोळ्यात पडूनही शरीर तिला पुरेशी दाद देत नाही. मग पंचविसाव्या दिवशी मानमोडी येते आणि आपण लसीच्या कंपनीला, लस आणणाऱ्याला, बर्फ वितळलेल्या डब्याला दोष देतो. कधी दोष खरंच तिथं असतो. पण त्या लॉटनं पहिल्या दहा दिवसांत काय खाल्लं, हे विचारल्याशिवाय तो निकाल देऊ नका.

भारतीय मानक ब्यूरोच्या मानकानुसार कोंबडीखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची कमाल मर्यादा २० पीपीबी आहे. हा आकडा डोळ्यांपुढं आणायचा तर असं बघा: एक टन खाद्यात २० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या जेमतेम एका दाण्याच्या वजनाएवढं विष. हजार किलोत एक दाणा. युरोपात लहान कोंबड्यांच्या तयार खाद्याला ५ पीपीबीचीच मर्यादा आहे. पहिल्या दोन आठवड्यांच्या खाद्यासाठी आपल्या मानकाच्या निम्म्यावर समाधान मानू नये आणि शक्य तितकं शून्याकडे जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण शेतातून आलेल्या दाण्यात एकटं अफ्लाटॉक्सिन क्वचितच असतं. ऑक्राटॉक्सिन, टी-२, फ्युमोनिसिन यांतलं आणखी कोणी सोबत असलं तर प्रत्येक जण मर्यादेच्या आत असूनही मिळून मोठं नुकसान करतात.

यातल्या प्रत्येकाची पिल्लावरची खूण थोडी वेगळी असते. अफ्लाटॉक्सिनात यकृत पिवळं व मोठं होतं, पाय आणि चोच फिकट पडतात, पिल्लं लहान-मोठी होतात आणि पक्षी पकडताना मांडीवर-पंखाखाली निळे डाग सहज उठतात. ऑक्राटॉक्सिन मूत्रपिंड धरतं: पिल्लू पाणी जास्त पितं, तूस ओलं होतं, मेलेल्या पिल्लाच्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसू शकतो, ज्याला आपण गाऊट म्हणतो. टी-२ ओळखायचं तर चोच उघडून बघा. चोचीच्या कोपऱ्यात, जिभेवर, टाळूवर पिवळट खपल्या दिसतात. तोंड दुखतं म्हणून पिल्लू खाद्याजवळ येऊनही खात नाही, पिसं विस्कटलेली येतात. फ्युमोनिसिनानं कोंबडी सहसा मरत नाही, पण आतड्याचा आतला थर दुबळा होतो आणि इतर जंतूंना वाट मोकळी होते.

एका खुणेवरून लगेच निकाल देऊ नका, हेही तितक्याच आग्रहानं सांगतो. गाऊट कडक पाण्यानं, ब्रूडिंगमध्ये पिल्लं तहानलेली राहिल्यानं किंवा खाद्यात चुना जास्त पडल्यानंही होतो. पिवळं यकृत इन्क्लुजन बॉडी हिपॅटायटिसमध्येही दिसतं. त्यातला हृदयाभोवती पाणी साठणारा प्रकार आपल्याकडे लिची नावानं ओळखला जातो. बर्सा गंबोरोनंतरही सुकते. आणि तोंड उघडून धापा टाकणारी, फुप्फुसात ज्वारीएवढे पिवळट दाणे असलेली पिल्लं ही तर बुरशीचीच, पण वेगळी गोष्ट: ओल्या, बुरसटलेल्या तुसातून बुरशी श्वासात गेलेली असते. तिथं खाद्याऐवजी आधी तूस बदलावं लागतं.

मग संशय घ्यायचा कधी? माझ्या अनुभवात सगळ्यात आधी बोलतो तो वजनकाटा. चाळीस-बेचाळीस ग्रॅमचं पिल्लू सातव्या दिवशी चौपट ते साडेचौपट झालं पाहिजे, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. हजारातली पन्नास पिल्लं वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचला, एकेकटी तोला, वहीत लिहा. सरासरी कमी आणि पिल्लापिल्लात तफावत जास्त, ब्रूडरचं तापमान आणि पाणी व्यवस्थित, तरीही हे होत असेल तर पोतं उघडा. आणखी एक साधी चाचणी शेडवरच करता येते. पार्टिशन टाकून शंभर पिल्लं वेगळी करा आणि त्यांना खात्रीच्या दुसऱ्या ठिकाणचं खाद्य द्या. चार-पाच दिवसांत त्यांची हालचाल आणि भूक बाकीच्यांपेक्षा उघड सुधारली तर कुठं शोधायचं ते कळतं. प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा ही चाचणी घेत नाही, पण अहवाल येईपर्यंतचे दिवस वाया जात नाहीत.

आता खरेदीकडे येऊ, कारण सगळं तिथं ठरतं.

स्वतः खाद्य दळणाऱ्यांनी मका घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: ओलावा, तुटके दाणे आणि वास. साठवायच्या मक्याचा ओलावा १२ ते १३ टक्के हवा. चौदाच्या वर गेला की बुरशी जागी होते. खरिपाचा ताजा मका बऱ्याचदा वीस-पंचवीस टक्के ओला असतो आणि मळणीयंत्रात ओला दाणा फुटतोही जास्त. फुटलेल्या दाण्याचं आतलं पीठ उघडं पडतं, बुरशीला ते आयतं मिळतं. म्हणून मका आणल्यावर भरडण्याआधी चाळणी लावा. खाली पडणारा चुरा, तुकडे, हलके-पोकळ आणि रंग बदललेले दाणे बाजूला काढा. विषाचा मोठा वाटा याच भागात असतो. चाळणीनं वजनात दोन-तीन टक्के घट येईल, ती सोसा.

ओलावामापक यंत्र अनेक आडतींवर असतं, आपल्यासमोर लावायला सांगा. यंत्र नसेल तर बरणीची परीक्षा करा. घरातलं मीठ तव्यावर परतून पूर्ण कोरडं करा, गार होऊ द्या. कोरड्या काचेच्या बरणीत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मका आणि दोन-तीन चमचे मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मिठाचे कण काचेला चिकटून राहिले तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे, तो मका घेऊ नका. मीठ खाली सुटं पडलं तर पंधराच्या आत आहे, पण लगेच साठवू नका. त्याला आणखी दोन-तीन उन्हं द्यावीच लागतील. वाळवताना ताडपत्रीवर बोटभर जाडीचा थर पसरा आणि दिवसातून तीन-चार वेळा पावलांनी किंवा दाताळ्यानं उलटा. संध्याकाळी ऊबदार ढीग करून त्यावर प्लॅस्टिक घट्ट बांधलं तर रात्रभर आत घाम सुटतो आणि दिवसभराची मेहनत जाते. आधी गार होऊ द्या, मग झाका.

विषाची तपासणी करायची तर नमुना नीट हवा. बुरशी पोतंभर सारखी पसरलेली नसते, एका कोपऱ्यातल्या मूठभर दाण्यांत सगळं विष असू शकतं. वरच्या पोत्यातून ओंजळभर घेतलं आणि अहवाल चांगला आला, असं समाधान फसवं ठरतं. शंभर पोती असतील तर किमान दहा-पंधरा पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून, हमालांकडच्या नळीनं दाणे काढा. तीन-चार किलो जमवा, सगळे एकत्र करा, सगळे दळा आणि त्या पिठातून पाव-अर्धा किलो तपासणीला द्या. न दळता नमुना उचलू नका. काही व्यापारी निळसर अतिनील दिव्याखाली भरडलेला मका दाखवतात आणि हिरवट-पिवळी चमक नाही म्हणून माल स्वच्छ असल्याचं सांगतात. ती चमक बुरशीच्या दुसऱ्याच एका द्रव्याची असते. ती दिसली तर सावध व्हा, दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. झटपट पट्टीची चाचणी किंवा प्रयोगशाळेतली एलायझा यांवरच भरवसा ठेवावा.

खर्चाचं गाऱ्हाणं मला समजतं. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये ठरला, खाद्याचा खर्च हा एकूण खर्चाचा सर्वांत मोठा भाग असतो, आणि काळपट मका दोन-तीनशे रुपयांनी स्वस्त मिळत असेल तर हात पुढं जातोच. पण हा हिशेब मांडून बघा. हजार ब्रॉयलर पिल्लांना पहिल्या दहा दिवसांत सुमारे तीन क्विंटल खाद्य लागतं. त्यात मका दीड ते पावणेदोन क्विंटल. म्हणजे बाकी काही जमलं नाही, तरी फक्त एवढा मका निवडून, चाळून, तपासून घ्यायचा. क्विंटलमागे तीनशे रुपये जास्त मोजले तरी हजार पिल्लांमागे पाचशे रुपयांच्या आसपास. लॉटच्या शेवटी पक्षी शंभर ग्रॅमनं कमी भरला तर हजार पक्ष्यांत एक क्विंटल कोंबडी गेली. सगळ्यांत चांगलं पोतं सगळ्यांत लहान पिल्लांसाठी राखून ठेवायचं, ही शिस्त मी प्रत्येक शेडवर सांगतो.

अलीकडे एक नवा धोका आला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रानं बंधनं घातली, त्यानंतर इथेनॉलसाठी मक्याचा वापर झपाट्यानं वाढला. मका महागला आणि धान्याच्या डिस्टिलरीतून उरणारा चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, कोंबडीखाद्यात मुबलक येऊ लागला. तो प्रथिनांचा स्वस्त स्रोत आहे, त्याला माझा सरसकट विरोध नाही. पण मक्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग, म्हणजे स्टार्च, इथेनॉलसाठी निघून जातो आणि बुरशीचं विष मात्र चोथ्यातच राहतं. तीन किलोतलं विष एका किलोत गोळा होतं. मक्यात १५ पीपीबी असेल तर चोथ्यात चाळीसच्या पुढं. प्री-स्टार्टर खाद्यात डीडीजीएस घालूच नका, आणि पुढंही तपासणीच्या कागदाशिवाय नको. शेंगदाणा पेंडीला तोच नियम. पिल्लांच्या खाद्यात मी ती पूर्ण टाळतो.

साठवणीचे नियम सगळ्यांना तोंडपाठ असतात आणि तरी पोती फरशीवरच दिसतात. लाकडी फळ्या किंवा बांबूची मांडणी करून पोती जमिनीपासून वीतभर उचला, भिंतीपासून फूटभर सोडा, पत्र्याची गळती पावसाआधी बघा. भिंतीला टेकलेल्या पोत्याला रात्री भिंतीची ओल लागते, ते बाहेरून कळत नाही. आधी आलं ते आधी वापरा. पावसाळ्यात तयार खाद्य पंधरवड्यापेक्षा जास्त साठवू नका. बुरशीरोधक म्हणून प्रोपिऑनिक आम्ल किंवा कॅल्शियम प्रोपिओनेट घालतात. त्यानं नवी बुरशी थांबते, आधी तयार झालेलं विष नाहीसं होत नाही. ते चांगल्या मक्याला घालायचं असतं, बिघडलेल्याला सुधारण्यासाठी नव्हे.

शेडच्या आतली एक जागा मात्र नेहमी नजरेतून सुटते. चिकगार्डच्या आत, ब्रूडरखाली, पहिल्या आठवड्यात खाद्य थाळ्यांत ठेवतो. वर उष्णता, शेजारी सांडणारं पाणी, थाळीत चढलेल्या पिल्लांची विष्ठा आणि तूस. चार-सहा तासांत थाळीच्या कडेला खाद्याची ओली पपडी धरते. तिच्यावरच नवं खाद्य ओतलं की पपडी तळाला दबते आणि दोन दिवसांत हिरवट-राखी होते. थाळी बोटानं खरवडून बघा. थोडं-थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खाद्य द्या, रोज एकदा थाळ्या रिकाम्या करून धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवूनच परत ठेवा. मोठ्या फीडरचा तळही लॉट संपल्यावर घासून धुतला गेला पाहिजे. उत्तम प्रतीचं कंपनीचं खाद्य या थाळीत येऊन बिघडताना मी पाहिलं आहे.

विषशोषकांबद्दल, ज्यांना आपण टॉक्सिन बाइंडर म्हणतो, लोक फार विचारतात. बेंटोनाइटसारख्या मातीचे बाइंडर आतड्यात अफ्लाटॉक्सिन धरून ठेवतात आणि चांगलं काम करतात. टी-२ आणि ऑक्राटॉक्सिनावर त्यांचा उपयोग फार कमी. यीस्टच्या भिंतीपासून बनवलेले किंवा मिश्र बाइंडर थोडा अधिक पल्ला गाठतात. मात्रा लेबलवर असते त्याप्रमाणे घाला. एका टनाला किलोभर सांगितलं असेल तर पाव किलोत भागवू नका आणि सगळ्या खाद्यात ते सारखं मिसळलं जाईल असं बघा. पण बाइंडर हा छत्रीसारखा आहे, पुरात तो कामाला येत नाही. दिसायला बुरसटलेला मका बाइंडर घालून पिल्लांना देणं मला मान्य नाही.

कंपनीशी करार करून पक्षी वाढवणाऱ्यांच्या हाती मक्याची निवड नसते. तुमच्या हाती नोंद असते. खाद्याची गाडी उतरते त्या वेळीच प्रत्येक बॅचच्या चार-पाच पोत्यांतून अर्धा किलो नमुना काढा, पोत्यावरचा बॅच क्रमांक आणि तारीख वहीत उतरवा, शक्य तर पोत्याच्या लेबलचा फोटो ठेवा, सुपरवायझरची सही घ्या. ओलं, गरम किंवा गाठी धरलेलं पोतं उतरवून घेऊ नका आणि घ्यावं लागलं तर त्याच दिवशी लेखी कळवा. वजन कमी आलं की खाद्य मुळात खराब होतं की तुमच्या खोलीत बिघडलं, हा वाद होतो. त्या वादात तुमच्याकडे पहिल्या दिवसाचा नमुना असेल तरच बोलायला जागा राहते.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-घाटघर बाजूला, गावरान कोंबड्या पाळणाऱ्या बहिणींचा प्रश्न वेगळा. तिथं चार महिने हवाच ओली. पिल्लांना भाताच्या कण्या, नागली, मक्याचा भरडा घालतात. भिजवलेला भरडा सकाळी दिलात तर दुपारपर्यंत उरलेला काढून टाका, रात्रभर परातीत राहू देऊ नका. कणसं पाल्यासकट बांधून चुलीवर टांगायची रीत तुमच्याकडे असेल तर ती मोडू नका. धूर आणि ऊब दाण्याला कोरडं ठेवते. आपल्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत बाजरी घालतात त्यांनी कणसावरचा अरगट बघावा. चिकट, काळपट, दाण्याऐवजी आलेल्या त्या गाठी पिल्लांच्या पोटात जाता कामा नयेत.

विषबाधा झालीच तर पहिलं काम म्हणजे ते खाद्य त्याच तासाला बंद करणं, उरलेली अर्धी पोती "संपवून टाकू" म्हणून चालवायची नाहीत. शेडमधलं सगळं खाद्य उचला, थाळ्या-फीडर धुवा, नवं खाद्य द्या. या विषाला उतारा नाही. बाकीचं सगळं शरीराला हातभार लावणं आहे. चांगलं प्रथिन, मेथिओनिन आणि कोलीन, ई, ए, डी-३ आणि के जीवनसत्त्वं, सेलेनियम, आणि स्वच्छ गार पाणी, हे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं मात्रा ठरवून द्या. प्रतिजैविकांचा मारा करू नका. दुखावलेलं यकृत आणि मूत्रपिंडच ती औषधं बाहेर टाकत असतात. मूत्रपिंडं सुजलेली असताना सल्फा गटाची औषधं तर आणखी घात करतात. जवळ आलेली लस पुढं ढकलायची की कशी, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. संगमनेरच्या त्या शेडवर खाद्य बदलल्यावर आठवड्याभरात मर थांबली. खाद्य बदललं की यकृतही सावरतं. पण हुकलेलं वजन पूर्ण भरून आलं नाही. तो लॉट पाच दिवस उशिरा विकला गेला.

बाजूला काढलेला मका गोठ्यात न्यायचा मोह इथं फार होतो. आपला जिल्हा दुधाचा आहे, जवळजवळ प्रत्येक शेडच्या शेजारी चार गाई असतात. तसं करू नका. गाईनं खाल्लेलं अफ्लाटॉक्सिन एम-१ या रूपात दुधात उतरतं, आणि ते दूध आपल्याच घरातलं मूल पितं. मोठ्या कोंबड्यांना मिसळून खपवणंही नको. तो मका शेडपासून आणि विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरा. हाताळताना तोंडाला रुमाल बांधा, भुकटी छातीत जाऊ देऊ नका.

तपासणीसाठी आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात जा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, लोणी काळभोरला कोंबड्यांच्या रोगनिदानाचं केंद्र आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मका वाळवणं आणि साठवण याबद्दल बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रं आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ मार्गदर्शन करतं. निघण्याआधी फोन करून कोणती चाचणी होते आणि नमुना किती लागतो ते विचारा. सोबत मरणाला टेकलेली दोन-तीन पिल्लं न्या, किंवा ताजी मेलेली बर्फात ठेवून न्या, गोठवू नका. यकृत आणि मूत्रपिंडाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दहा टक्के फॉर्मलिनमध्ये वेगळे न्या. खाद्याचा नमुना कागदी किंवा कापडी पिशवीत भरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि वाटेतच नवी बुरशी वाढते. पिशवीवर खाद्य कधी दळलं, मका कुठून घेतला, पिल्लांचं वय आणि रोजची मर लिहा. तसाच एक नमुना घरी कोरड्या डब्यात ठेवा आणि लॉट विकून हिशेब पूर्ण झाल्यावरच तो टाका.